ते स्टूल आधी सरपणातून बाहेर काढा

सल्ल्यासाठी आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. कराड तालुक्यातले एक शिक्षक लिहितात : 'मुलगा दहावीला ७१ टक्क्यांनी पास झाला, गणितात ५८. गावी आमच्या घराचं बांधकाम चालू आहे. सुट्टीत अकरावीच्या तयारीचा क्लास लावला होता. तो बुडवून हा दिवसभर दारं-खिडक्या करणाऱ्या मिस्त्रींपाशी बसायचा. एप्रिलमध्ये स्लॅब टाकला, त्या दिवशी निम्मं गाव गोळा झालं होतं, हा मात्र खाली रंधा मारत होता. चौकटींच्या उरलेल्या तुकड्यांचं त्याने एक स्टूल केलं. चांगलं होतं, डुगडुगत नव्हतं, पण मी रागाच्या भरात ते सरपणात टाकलं. आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. आमच्या घराण्यात कुणी हातात रंधा धरलेला नाही. लोक विचारतात, मास्तरांचा मुलगा सुतार होणार का? हे खूळ त्याच्या डोक्यातून कसं काढावं? बांधकामाची एवढीच आवड असेल तर सिव्हिल इंजिनिअर करतो, चार सुतार हाताखाली राहतील. अकरावी सायन्स आणि जेईईचा निवासी क्लास ठरवला आहे. योग्य आहे ना?'

नमस्कार सर,

टक्के, क्लास, जेईई हे सगळं पत्रात आहे, पण मी स्टूलच्या ओळीपाशी अडकले. ते अजून चुलीत गेलं नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी ते बाहेर काढा. उरलेलं संध्याकाळी वाचलंत तरी चालेल.

'डुगडुगत नव्हतं' असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. चार पायांचं स्टूल न डुगडुगणं म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या. तिवई कशीही केली तरी जमिनीवर टेकते, कारण तीन टोकं नेहमी एका सपाटीत येतातच. चौथा पाय मात्र त्या सपाटीत आणावा लागतो. दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी बसणाऱ्याला कळतो. मिस्त्री लोक काय करतात? स्टूल सपाट फरशीवर ठेवतात, अधांतरी राहिलेल्या पायाखाली कागदाच्या घड्या सारतात. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरतात आणि तो ठोकळा फरशीवरून सरकवत चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारतात. त्या रेघेवर करवत चालवायची. हात जरा तिरका गेला की पुन्हा पहिल्यापासून. घाई करणारा पोरगा पाय कापत कापत स्टूलचा पाट करून ठेवतो. तुमच्या मुलाने हे पहिल्याच स्टूलमध्ये जमवलं. गणितातल्या ५८ गुणांवर तुम्ही नाराज आहात, आणि भूमितीचा एक अवघड पेपर त्याने बरोबर सोडवून तुमच्यासमोर ठेवला, तो तुम्ही सरपणात टाकलात.

त्याच्या अबोल्याची मला काळजी वाटते. चूक केली म्हणून बोलणी बसली तर या वयाची मुलं दोन दिवस फुगतात आणि तिसऱ्या दिवशी जेवायला येऊन बसतात. मन लावून, चांगली केलेली वस्तू घरच्यांनीच टाकून दिली, की ती गप्प होतात. यापुढे घरात काय दाखवावं, हेच त्यांना कळेनासं होतं. पत्रात 'तो बोलत नाही' असं आहे, 'मी त्याच्याशी बोललो' असं कुठेच नाही. क्लास बुडवला ही त्याची चूकच, त्याबद्दल त्याला जाब विचारा. पण स्टूलबद्दल माफी तुम्ही मागायची आहे. आईला मध्ये घालू नका, आजीलाही नको. तुम्ही स्वतः जा.

आता घराण्याचं. 'कुणी रंधा धरलेला नाही' या वाक्यात काय आहे, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सुतारकाम वाईट असं तुम्ही म्हणत नाही, ते 'त्यांचं' काम असं म्हणता. तुमच्या नव्या घराच्या चौकटी करणारे मिस्त्री तुमच्याच अंगणात बसून तुमच्या मुलाला शिकवत होते. क्लासची फी तुम्ही भरलीत, त्यांनी एक पैसा घेतला नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात सुरू झाली. ती काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. श्रम करणारा हात आणि वही धरणारा हात एकाच मुलाचा असावा, हे या जिल्ह्याने तेव्हाच करून दाखवलंय. आणि इथला एक शिक्षक मला विचारतो की लोक काय म्हणतील. त्या लोकांना सांगा, हो, मास्तरांचा मुलगा सुतारकाम शिकतोय. दोनदा सांगितलंत की तिसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही.

सिव्हिल इंजिनिअरिंगबद्दलचा तुमचा समज बहुतेक पालकांचा असतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. घर म्हणजे सिव्हिल, सिव्हिल म्हणजे घर, आणि घरातलं सगळं काम सिव्हिलच्या पोटात, असं धरून चालतात. पदवीच्या चार वर्षांत मुलगा माती किती भार पेलते, कॉलममध्ये सळई किती आणि का, रस्ता, पाणीपुरवठा, सांडपाणी, धरण, सर्वेक्षण हे शिकतो. फार मोलाचं शिक्षण आहे ते. पण दाराच्या चौकटीचा कोपरा कसा जोडायचा, रंध्याच्या पात्याला धार कशी लावायची, कुठल्या फळीला बाक येणार हे आधी कसं ओळखायचं, यातलं त्यात जवळजवळ काही नसतं. लाकूड ज्याला आवडतं त्याला सिव्हिलला घालणं म्हणजे पेटी वाजवणाऱ्याला पेटीच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून बसवणं. आणि 'चार सुतार हाताखाली' म्हणाल, तर ज्याला स्वतःला गुण्या, म्हणजे काटकोन मापायची पट्टी, लावून कोपरा तपासता येत नाही, त्याचं साइटवर कुणी ऐकत नाही. खुर्चीवर बसवता येईल, पण खालच्या माणसाला पाच मिनिटांत कळतं.

तुमच्या मुलाला लाकूडच आवडतं, हे मी तुमच्याच पत्रावरून म्हणते. स्लॅबचा दिवस म्हणजे गावातला सोहळाच. मिक्सर, खडी, पाट्या, आरडाओरडा, शेवटी जेवण. बांधकामाचं वेड असलेला पोरगा त्या दिवशी खाली बसूच शकत नाही. हा रंध्यापाशी होता. त्यामुळे डिप्लोमा सिव्हिलसुद्धा मी पहिल्या क्रमांकावर धरणार नाही.

लाकडात शिकण्यासारखं काय असतं, असं तुमच्या मनात येत असेल. माझ्या घराच्या गच्चीचं दार सांगते. घर बांधलं तेव्हा सुताराने घाईने, पुरतं न वाळलेल्या लाकडाचं केलं. पहिल्या पावसात ते इतकं फुगलं की लागेना. त्याने कड तासून दिली. मार्चमध्ये त्याच कडेला बोट जाईल एवढी फट पडली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घट्ट. मी वैतागून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराच्या पॅनेलवर हात फिरवला आणि म्हणाले, 'ताई, हे खाचेत चिकटवलंय. त्याला हलायला जागाच नाही.' लाकूड हवेतला दमटपणा शोषतं, पण रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून जाणता कारागीर पॅनेल खाचेत नुसतं बसवतो, सरस लावत नाही, आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडतो. चौकट जागेवर राहते, आतलं पॅनेल पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, दार बारा महिने लागतं. प्लायवूड फारसं का हलत नाही? त्याचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक दुसऱ्याला धरून ठेवतो. हे सगळं विज्ञान आहे सर, आणि तुमचा मुलगा त्याच्या दारात उभा आहे.

घर चालू आहे तोवर त्याला घराचंही मूळ शिकू द्या, सुताराला ते लागतंच. तीन फूट, चार फूट आणि तिरका पाच फूट मोजून गवंडी काटकोन कसा काढतो, ते त्याला दोरी धरायला लावून दाखवा. पायथागोरस वहीतून उठून जमिनीवर येतो. पाण्याच्या नळीने दोन कॉलमवर एकच पातळी कशी आणतात, ओळंब्याने भिंत कशी तपासतात, हे करू द्या. कॉलमवर खडूने तारीख का लिहिलेली असते, गोणपाट का गुंडाळतात, हे त्याला विचारा. सिमेंट पाण्याने कडक होतं, नुसतं वाळून नाही, म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १० दिवस तरी ओलं ठेवायचं असतं. हे पाणी मारण्याचं काम त्याच्याकडे द्या, वहीत तारखा लिहायला सांगा. तुमचं घर नदीकाठच्या काळ्या रानात असेल, तर पाया मुरमापर्यंत का न्यावा लागला, तेही दाखवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गच्चीच्या दाराची गोष्ट जमिनीखाली तशीच चालू असते.

आणि कोपरा. तुमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती पडल्या. अशा भिंती कोपऱ्यात एकमेकींना नीट बांधलेल्या नसल्या, की हादऱ्यात त्या सुट्या होतात आणि बाहेर कोसळतात. म्हणून दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालतात, तो चारही कोपरे एकत्र धरतो. सुतार चौकटीच्या कोपऱ्यात तेच करतो. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ, आरपार लाकडी खुंटी. नुसते खिळे मारलेली चौकट दोन वर्षांत खिळखिळी होते. घर आणि स्टूल दोन्ही कोपऱ्यात टिकतात किंवा कोपऱ्यात मोडतात.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. या धंद्यात काम सलग नसतं, पैसे अडकतात, गुडघे आणि पाठ जातात, भुसा छातीत जातो. हत्यारांचं तर स्पष्टच सांगते. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत फक्त हाताची हत्यारं : करवत, रंधा, पटाशी, हातोडी. कटर मशीनला हात लावायचा नाही. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून, वरचं कव्हर काढून काम करतात, ते चालू असताना त्याला तिथे उभंही राहू देऊ नका. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. त्या एका झटक्याने बोटं गमावलेली मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत. पराचीवर, म्हणजे बांधकामाला लावलेल्या मचाणावर, चढायचं नाही. डोळ्यांना चष्मा, पायांत चप्पल नको, बूट. हे मिस्त्रींना तुम्ही स्वतः सांगा, आणि सांगताना त्यांच्याशेजारी बसा.

आता वाटा. आयटीआयत सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीनंतर कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा होतो. बारावीनंतर आर्किटेक्चरसाठी 'नाटा' ही प्रवेश परीक्षा, त्याला गणित हवं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइन हाच पदवीचा विषय आहे, प्रवेश परीक्षा बारावीत असतानाच देता येते, शाखा कुठलीही चालते. बंगळूरला केंद्र सरकारची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे आधुनिक सुतारकामाचं प्रशिक्षण मिळतं.

माझं मत विचाराल तर : निवासी क्लास रद्द करा. पैसे गेले तर जाऊ देत. जेईई त्याला नकोय, तुम्हाला हवीय, आणि दोन वर्षं खोलीत कोंडून त्याची बारावीही हातची जाईल. त्याने गावातून ये-जा करत कराडला अकरावी करावी, गणित सोडू नये, म्हणजे आर्किटेक्चरचं दारही उघडं राहील. रविवारी मिस्त्रींपाशी बसावं, बारावीला डिझाइनची परीक्षा द्यावी. तो म्हणाला की मला आधी एक वर्ष आयटीआयत हात तयार करायचाय, तर तेही द्या. सोळाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काही नाही. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मात्र या निवडीत आणायचा नाही.

येत्या रविवारी त्याला घेऊन वाईला जा. तिथून तीन-एक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. खांब, तुळया, त्यांचे जोड तो बघेल. तुम्ही फक्त विचारायचं, 'हे कसं बसवलं असेल रे?' आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. वेळ लागेल, तो अजून रागात असेल.

त्यानंतर त्याला माझ्याकडे साताऱ्याला पाठवा. तुम्ही सोबत या, पण बोलणं आम्ही दोघं करू, तुम्ही बाहेर बसा. आणि ते स्टूल घेऊन या. एखादा पाय निखळला असेल तर तसंच आणा. दुरुस्त कसं करणार, ते मला त्याच्याकडून ऐकायचंय.