नव्या गाडीच्या सायलेन्सरमधून नासक्या अंड्यासारखा वास येतो : दोष कसा ओळखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : चार महिन्यांपूर्वी घेतलेली पेट्रोल गाडी 3,100 किलोमीटर चालली आहे. बीडहून अंबाजोगाईला परतताना मांजरसुंब्याचा घाट चढला की मागून नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि कधी कधी तो आतही जाणवतो. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही. सर्व्हिस सेंटरवाले "नव्या गाडीत असं होतंच" असे सांगून परत पाठवतात.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवत होतो. शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो आणि आता लातूरला राहतो. माझ्या मते सर्व्हिस सेंटरचे उत्तर निम्मे खरे आहे. तुम्ही वर्णन केलेला वास बहुतेक वेळा दोषाचा नसतो हे बरोबर, पण तो तसा आहे की नाही हे न तपासताच सांगणे बरोबर नाही. अशा तक्रारीत वास कसला आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो केव्हा येतो याला महत्त्व असते, आणि तुमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

आधी वास कुठून येतो ते पाहू. पेट्रोलमध्ये थोडे गंधक असतेच. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (भारत स्टेज 6 या प्रदूषण-मानकाचे) इंधन मिळू लागले आणि गंधकाची मर्यादा किलोमागे 50 मिलिग्रॅमवरून 10 मिलिग्रॅमवर आली. पस्तीस लिटरची टाकी भरली तरी त्यात जास्तीत जास्त पाव ग्रॅमच्या आसपासच गंधक निघेल. इंजिनात ते जळून सल्फर डायऑक्साइड होते आणि सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात, पोहोचते. या कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांच्यासोबत सिरियम ऑक्साइडचा लेप असतो. हा लेप प्राणवायू साठवून ठेवतो आणि गरज पडली की सोडतो, तसाच तो गंधकही सल्फेटच्या रूपात धरून ठेवतो. गावातल्या गावात हळू गाडी चालवताना, कन्व्हर्टर मध्यम तापलेला असताना, हा साठा वाढत जातो. मग केव्हातरी कन्व्हर्टर चांगला तापतो आणि त्याच वेळी इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते. अशा स्थितीत प्राणवायू कमी पडतो, साठलेला गंधक हायड्रोजनशी जोडला जातो आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन काही सेकंदांत बाहेर पडतो. नासक्या अंड्याचा वास तो हाच. आपले नाक या वायूच्या बाबतीत फारच तिखट आहे. हवेच्या शंभर कोटी भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी ते ओळखते.

आता तुमचा घाट या चित्रात बसवून पाहा. आठवडाभर अंबाजोगाईत बाजार, शाळा, दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या होतात. मग एक दिवस बीडहून परतताना पालीच्या पुढे चढ लागतो, खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून ठेवावा लागतो, आणि वर पोहोचल्यावर ट्रकच्या मागे वेग कमी होताच मागचा वायू गाडीला गाठतो. साठा सुटायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे उष्णता आणि जास्तीचे पेट्रोल, घाटाने एकाच वेळी पुरवल्या. नव्या कन्व्हर्टरची साठवण्याची ताकद सर्वांत जास्त असते, म्हणून नव्या गाडीत हा प्रकार ठळक जाणवतो आणि पुढे लेप जुना होत जातो तसा तो कमी होतो. माझ्या स्वतःच्या गाडीला, 2021 मध्ये घेतली तेव्हा, सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट चढून आल्यावर हाच वास यायचा. घरच्या मंडळींनी दोनदा खाली उतरून डिकीत काही नासले आहे का ते पाहिले होते. सहा हजार किलोमीटरच्या सुमारास तो कधी थांबला ते लक्षातही आले नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, गाडीत एक छोटी वही ठेवा आणि दोन आठवडे प्रत्येक वेळी नोंद करा : मीटरवरचा आकडा, इंजिन थंड होते की तापलेले, चढ की सपाट, एसी चालू की बंद, काच उघडी की मिटलेली, आणि वास किती वेळ टिकला. नाकावर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण सततच्या वासाला ते लवकर सरावते. शक्य असेल तर नुकताच घरातून बाहेर आलेल्या माणसाला गाडीमागे उभे करून विचारा. वास फक्त जोराच्या चढानंतर किंवा ओव्हरटेकनंतर येऊन मिनिटभरात जात असेल, तर वर सांगितलेले कारण जवळजवळ नक्की समजावे. पण इंजिन पूर्ण तापल्यावर, गाडी जागेवर उभी असताना, दहा-पंधरा मिनिटे तोच वास येत राहिला, तर मिश्रण कायमचे घट्ट होत असण्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल सतत जास्त जात असण्याची, शक्यता आहे : गळका इंजेक्टर, चुकीचा आकडा देणारा ऑक्सिजन सेन्सर किंवा हवा मोजणारा सेन्सर. अशा गाडीचे ॲव्हरेजही उतरते. सकाळी पहिल्या मिनिटभरात येणाऱ्या कच्च्या पेट्रोलच्या वासाची मात्र चिंता करू नका. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही.

कच्च्या पेट्रोलचा वास टाकी भरल्यानंतरच येत असेल, तर स्वतःची एक सवय तपासा. पंपावरचा नोझल आपोआप थांबल्यावर "अजून शंभरचं बसेल" म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरायची रीत आपल्याकडे सर्रास आहे. टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात त्यामुळे पातळ पेट्रोल शिरते आणि तो निकामी होऊ शकतो. नोझल थांबला की आपणही थांबावे.

पेट्रोलच्या दर्जाची शंका असेल तर सलग दोन टाक्या दुसऱ्या, भरपूर विक्री असलेल्या पंपावर भरून पाहा आणि पावत्या जपून ठेवा. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहिला, तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. मात्र या चाचणीतून गंधकाचे प्रमाण कळत नाही, हे लक्षात असू द्या.

एक शक्यता मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण ती चुकली तर महागात पडते. आमच्या शेजारच्यांच्या जेमतेम वर्षभराच्या गाडीला असाच वास येत होता. एका सर्व्हिस सेंटरने सायलेन्सर उतरवून पाहिला, काही सापडले नाही, आणि गाडी परत दिली. मी विचारले, वास केव्हा येतो? तर लांबच्या प्रवासानंतर, इंजिन बंद केल्यावरही, आणि मागून नव्हे तर बॉनेटकडून. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या कडा फुगलेल्या होत्या आणि वरून हात धरवत नव्हता. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून बॅटरीला सोळा व्होल्टच्या वर चार्जिंग मिळत होते. जास्त चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीतूनही हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्याच्या जोडीला निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो. तेव्हा वास बॉनेटकडून येत असेल तर जवळ काडी ओढू नका, बॅटरीच्या तारांना हात लावू नका, गाडी मोकळ्या जागी थंड होऊ द्या आणि मेकॅनिकला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. हल्लीच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा थोडा खालीवर करतो, पण पंधराच्या बराच पुढे तो जाऊ नये.

तुमच्या पत्रातले "कधी कधी आतही जाणवतो" हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाहेरच्या हवेचा मार्ग उघडा असेल तर स्वतःचा किंवा पुढच्या ट्रकचा धूर आत येणारच. पण एसी आतल्या हवेवर ठेवून, सगळ्या काचा मिटूनही वास येत असेल, तर एक्झॉस्टचा एखादा जोड गळत असेल किंवा डिकीचे रबर नीट बसत नसेल. त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइडही आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, आणि डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे हीच त्याची खूण असते. असे काही जाणवले तर काचा उघडा, गाडी थांबवून बाहेर या आणि तपासणी होईपर्यंत ती वापरू नका. रबर तपासण्यासाठी कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. जिथे ती सहज सुटून येते तिथे फट आहे. गळका जोड थंड इंजिनावर टक्-टक् असा आवाज करतो आणि त्याच्याभोवती काजळीचा पट्टा दिसतो.

वास गाडीचाच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. गाळप हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यांवर साखर कारखान्याच्या आणि डिस्टिलरीच्या परिसरात येणारा मळीचा आणि सांडपाण्याचा वास याच जातीचा असतो. नोंदींमध्ये ठिकाण नेहमी तेच निघाले आणि चढ-उताराशी त्याचा मेळ बसला नाही, तर गाडीला दोष देऊ नका. ब्लोअरमध्ये मेलेला उंदीर, तापलेल्या सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, यांचे वास वेगळे आणि ओळखायला सोपे. शेतातून गाडी काढली असेल तर खाली वाकून पाचट किंवा वाळलेले गवत अडकले आहे का ते अवश्य पाहा. तापलेल्या कन्व्हर्टरजवळ ते पेट घेऊ शकते.

हे उत्तर वाचणाऱ्या डिझेल गाडीवाल्यांसाठी दोन वाक्ये. काही शे किलोमीटरनंतर काजळीचा फिल्टर सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आतली काजळी जाळली जाते. तेव्हा उभ्या गाडीचे आरपीएम चढलेले राहतात, पंखा जोरात फिरतो आणि करपल्यासारखा वास येतो, अशा वेळी इंजिन लगेच बंद न करता गाडी थोडी चालवावी. ज्या गाडीत युरियाचे द्रावण भरावे लागते तिथे अमोनियाचा झणझणीत वास आला, तर गळती किंवा जास्त फवारणी तपासून घ्यावी.

गॅरेजमध्ये तुम्हाला कोणीतरी "जाळीच काढून टाका, वासही जाईल आणि पिकअपही वाढेल" असा सल्ला देईल. तो मुळीच ऐकू नका. तसे करणे बेकायदा आहे, वॉरंटी जाते, विषारी धूर वाढतो, आणि काढलेल्या जाळीतल्या मौल्यवान धातूंचे पैसे बहुधा सल्ला देणाऱ्यालाच मिळतात. वास घालवणारे म्हणून विकले जाणारे पेट्रोलमध्ये टाकायचे द्रवही नव्या गाडीत टाकू नयेत.

आता सर्व्हिस सेंटरला पुन्हा जा, पण या वेळी वही घेऊन. "वास येतो" एवढेच न सांगता तारीख, किलोमीटर आणि परिस्थिती जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावा आणि त्याची प्रत मागा. स्कॅनर लावून तीन गोष्टी दाखवायला सांगा. दिवा लागण्याआधीच संगणकात नोंदलेले दोषांचे प्रलंबित कोड हे पहिले, कारण अनेक दोषांत पहिल्या वेळी दिवा लागतच नाही. तापलेल्या इंजिनावरचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल सरासरी किती कमी-जास्त करतो तो आकडा, हे दुसरे. तो उणे किंवा अधिक दहा टक्क्यांच्या आत असावा. कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे आकडे हे तिसरे. नव्या गाडीला पहिले वर्षभर पीयूसीची सक्ती नसते, तरी तुम्ही स्वखुशीने काढून घ्या. त्या यंत्रावर हायड्रोजन सल्फाइड मोजला जात नाही, पण उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम या मर्यादेच्या बरेच खाली आले, तर मिश्रण घट्ट नाही याचा स्वतंत्र कागद तुमच्या हाती येतो. सेंटरचा माणूस मान्य करत नसेल तर त्याला शेजारी बसवून मांजरसुंब्याचा घाट एकदा चढवून आणा, आणि त्या फेरीची नोंदही त्याच जॉब कार्डवर त्याच्या सहीने करून घ्या.