मालकाने टाळेबंदी केली, म्हणजे कामगारांना कामावर घेणं थांबवून कारखान्याला टाळं लावलं, तर सरकार ती उठवू शकतं का?

थेट 'कुलूप काढा' असा हुकूम देता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात रस्ता जरा वळणाचा होता. कलम 10(1) खाली सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे (कामगार-मालक वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे) सोपवायचा, मग कलम 10(3) खाली टाळेबंदी चालू ठेवायला मनाई करायची. खरी मेख इथेच होती. एडवर्ड केव्हेंटर्स प्रकरणात (1978) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो वाद सोपवला त्यापुरतीच ही मनाई चालते. म्हणजे बोनसचा वाद सोपवला आणि भांडण बडतर्फीवरून असलं, तर मनाईचा कागद कुचकामी.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत नेहमीच्या वादांसाठी सरकारने वाद सोपवण्याची पायरीच नाही. समेट अधिकाऱ्यापुढची तडजोड फसली की कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. आणि टाळेबंदीआधी 14 दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागते, पूर्वी ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती.

त्यामुळे गेटवर नोटीस चिकटलेली दिसली, की आधी तिचा तारखेसकट फोटो काढा. टाळेबंदी बेकायदा ठरवून त्या काळाचा पगार मागताना तोच कामी येतो. मात्र संपच बेकायदा असेल आणि त्यामुळे मालकाने टाळं लावलं असेल, तर ती टाळेबंदी बेकायदा धरत नाहीत. मालकाचे वकील बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात.