‘कोर्ट’ वीस मिनिटांत बंद केला, आता काय पाहू?

आपला प्रश्न असा आहे की, ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट आपण वीस मिनिटांत बंद केला, ‘त्यात काहीच घडत नाही’ असे आपल्याला वाटले, तर त्याला एवढे का नावाजतात आणि त्याऐवजी कोणते चित्रपट व मालिका पाहाव्यात. नावे मी पुढे देतो. परंतु ‘काहीच घडत नाही’ या तीन शब्दांवरून पुढे सरकणे मला शक्य नाही, कारण मी एका जिल्हा न्यायालयात ३१ वर्षे लघुलेखक होतो आणि हेच तीन शब्द गेली दहा वर्षे मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकत आलो आहे.

‘कोर्ट’ एप्रिल २०१५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याआधीच त्याला व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिके आणि उत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळालेले असल्यामुळे घरात मोठी उत्सुकता होती आणि आमची दोन्ही कुटुंबे मिळून सात जण रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. तिकिटे मी काढली होती, हे मुद्दाम नमूद करतो. साडू मध्यंतराच्या आतच झोपले, मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ताजेतवाने झाले आणि पुन्हा झोपले. नंतर हॉटेलात चहा घेताना ते सर्वांसमक्ष म्हणाले, “रावसाहेब, तुमचं ऑफिस असंच चालतं होय? मग पगार कशाचा घेता?” माझी पत्नीसुद्धा हसली. मी त्या वेळी काही बोललो नाही, आणि तेव्हा जे बोलायचे राहून गेले ते आज आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहीत आहे.

मॅनहोलमध्ये उतरून काम करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळेच त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून शाहिराला अटक होते, एवढीच चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाची गोष्ट आहे. कॅमेरा न्यायालयाच्या दालनात एका जागी ठेवलेला असतो, माणसे येतात-जातात, सरकारी वकील कलमे एकसुरी आवाजात वाचत जातात आणि न्यायाधीश मधूनमधून लघुलेखकाला मजकूर सांगतात. आपण बहुधा इथेच कंटाळलात. मी मात्र खुर्चीत सावरून बसलो, कारण हिंदी आणि मराठी चित्रपटांत आजवर मी न्यायाधीशांचा हातोडा पाहिला होता, जो आमच्याकडे कुणीही वापरत नाही. गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ पाहिली होती, जीही प्रत्यक्षात कुठे घेतली जात नाही. परंतु न्यायाधीशांच्या खाली बसून, ते सांगतील तेच वाक्य टंकलिखित करणारा माणूस कामाचा माणूस म्हणून कधी पाहिला नव्हता.

त्या वाक्याचे महत्त्व कळावे म्हणून एक प्रसंग सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी एका मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात एका हमालाच्या विधवेचा उलटतपास चालू होता. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले की, तुमचे पती दारू पीत होते का. बाई पिंजऱ्याची कड धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की, दिवसभर पोती उचलून पाठ धरायची म्हणून रात्री झोपताना ते थोडी घेत असत, परंतु गुरुवारी कधीही घेत नसत, गुरुवारी दत्ताचा उपवास असे, आणि ट्रकने उडवले तो वार गुरुवार होता. त्या दिवशी पतीने फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती आणि तीही आपणच डब्यात दिली होती, असे बाई म्हणाल्या. हे सांगायला त्यांना दोन-तीन मिनिटे लागली. न्यायाधीशांनी ऐकून घेतले, घड्याळाकडे पाहिले, कारण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, अजून साठ-सत्तर प्रकरणे होती, आणि मला मजकूर सांगितला: “हे म्हणणे खरे आहे की, माझे पती दारू पीत होते.” मी तसे टंकलिखित केले. बाईंचे वकील दाराशी दुसऱ्या पक्षकाराशी बोलत होते. फेरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न, घ्यायचा आहे का, असे त्यांना हाक मारून विचारले तेव्हा त्यांनी तिथूनच नकारार्थी मान हलवली, म्हणून पुढची ओळ “फेरतपास : नाही” अशी गेली. शेवटी “वाचून दाखविले, बरोबर आहे” आणि त्याखाली बाईंचा अंगठा. गुरुवार कागदावर आलाच नाही. कुणी लाच घेतली नव्हती, कुणी ओरडले नव्हते, न्यायाधीश तर आमच्याकडच्या सज्जन माणसांपैकी होते. त्या प्रकरणाचा निकाल लागण्याआधी माझी दुसऱ्या न्यायालयात बदली झाली.

‘कोर्ट’च्या उत्तरार्धात मॅनहोल कामगाराच्या विधवेची साक्ष आहे. तिथे ती विचारलेल्या प्रश्नांना अगदी सपाट आवाजात उत्तरे देते आणि त्यातून कळत जाते की तो माणूस कोणत्याही साधनांशिवाय आत उतरत असे आणि आतली घाण सहन व्हावी म्हणून आधी दारू पीत असे. भूमिकेतल्या बाई व्यावसायिक अभिनेत्री नाहीत. पार्श्वसंगीत नाही, चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा नाही, आणि मी अंधारात बसून मनातल्या मनात त्या उत्तरांची वाक्ये करत होतो: ‘हे म्हणणे खरे आहे की…’ शेजारी साडू घोरत होते.

याच चित्रपटात एका महिलेचे प्रकरण तिने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून पुढे ढकलले जाते. हे पाहून प्रेक्षक हसले, मी हसलो नाही. सरकारी वकील नूतन यांची भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे. दालनात शाहिराला तुरुंगातच ठेवा म्हणून भांडणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते आणि स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही, आणि चित्रपटाची खरी धार तिथेच आहे. शेवटी उन्हाळी सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा कितीतरी वेळ काळोखा राहतो. लोक उठून जाऊ लागले आणि मग पुढचा, सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांचा भाग सुरू झाल्यावर ओशाळून परत बसले. शाहिराची भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. ते एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

आता साडूंचा आवडता पुरावा. प्रत्येक समारंभात ते ‘दामिनी’ (१९९३) मधील सनी देओल यांचे ‘तारीख पर तारीख’ हे भाषण हातवारे करून म्हणून दाखवतात आणि ‘याला म्हणतात कोर्टाचा सिनेमा’ असे माझ्याकडे पाहून सांगतात. २०१८ मध्ये त्यांच्याच सामाईक जमिनीच्या वाटपाचा दावा उभा राहिला. पहिल्या तारखेला ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळी साडेदहालाच आले, पाच वाजेपर्यंत बाकावर बसले, आणि त्या दिवशी एवढेच घडले की एका प्रतिवादीचे समन्स बजावणी न होता परत आले म्हणून पुढची तारीख पडली. दुसऱ्या वेळी त्यांच्याच वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी न्यायाधीश रजेवर होते. मी त्यांना चहाला नेले आणि सांगितले की, ‘दामिनी’त तारीख हा खलनायकाचा डाव असतो, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा कुणाचाच डाव नसते, त्यामुळे तिच्यावर ओरडायचे म्हटले तरी कुणावर ओरडायचे हा प्रश्न राहतो. ते म्हणाले, “म्हणजे दामिनी बरोबरच आहे की. तारखाच तर पडतायत.” यापुढे मी त्यांच्याशी वाद घालणे सोडले, पण माझे मत सोडलेले नाही.

उरलेल्या प्रश्नाचे उत्तर आता भराभर देतो. न्यायालयाचा चित्रपट हवा आणि जाग राहणेही आवश्यक असेल, तर ‘जॉली एलएलबी’ (२०१३) पाहा. त्यातले सौरभ शुक्ला यांचे न्यायाधीश हे हिंदी पडद्यावरचे मला सर्वांत पटलेले न्यायाधीश आहेत आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. वकिलांची भाषणे मात्र नेहमीचीच आहेत. ‘पिंक’चा विषय योग्य आहे, पण उत्तरार्धात साक्षीपुरावा बाजूला राहतो आणि प्रवचन सुरू होते. तमिळ ‘जय भीम’चा (२०२१) पूर्वार्ध, म्हणजे पोलीस कोठडीचा भाग, मला दोन बैठकांत पाहावा लागला इतका तो अंगावर येतो, न्यायालयात गेल्यावर नायक एकटाच सगळे जिंकतो आणि माझ्यासारख्याचा विश्वास तिथे ढळतो. ‘क्रिमिनल जस्टिस’ ही मालिका केवळ पंकज त्रिपाठी यांच्यासाठी पाहावी, तीही इस्त्री करताना.

‘ट्रायल बाय फायर’ (२०२३) या मालिकेविषयी मात्र जरा थांबून सांगावेसे वाटते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली; त्यांत आपली दोन्ही मुले गमावलेल्या आई-वडिलांच्या लढ्याची ही गोष्ट आहे, आणि राजश्री देशपांडे यांनी त्या आईचे काम असे केले आहे की दुःख जुने होत जाताना दिसते. या खटल्यातली महत्त्वाची कागदपत्रे न्यायालयाच्या दप्तरातूनच गहाळ झाली, काही फाडली गेली, आणि त्या प्रकरणी २०२१ मध्ये इतरांबरोबर न्यायालयाच्या एका माजी कर्मचाऱ्यालाही शिक्षा झाली. मी दप्तर सांभाळणाऱ्यांच्या शेजारी आयुष्य काढले आहे. एका निशाणीवरचा, म्हणजे पुराव्याच्या कागदावरचा, शिक्का अर्धवट उमटला म्हणून आमचे शिरस्तेदार संध्याकाळी सात वाजता मला घरून परत बोलवून घेत असत. त्यामुळे ही मालिका पाहिल्यावर त्या रात्री मी जेवलो नाही. साडूंनी ती पाहिलेली नाही, त्यांना शेवट दुःखी असलेले काही चालत नाही.

कचेरीची मालिका हवी असेल, तर ‘पंचायत’चे २०२० मधील पहिले पर्व पाहा. सचिवाने चाकाची खुर्ची आणली म्हणून गावात केवढे मानापमान होतात, हा प्रकार ज्याने सरकारी कार्यालयात एकही दिवस काढला आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या पर्वांत निवडणुका आणि गोळीबार आले आणि खुर्ची मागे पडली. माझा रसही तिथे पातळ झाला. ‘गुल्लक’ पाहा, कारण तिथली भाजी निवडत मुलांना टोमणे मारणारी आई म्हणजे ‘कोर्ट’मधल्या सरकारी वकील गीतांजली कुलकर्णीच आहेत, आणि माझ्या पत्नीला हे मी सांगेपर्यंत कळले नव्हते.

मराठीतले आणखी एक मत, ज्यावरून माझ्याशी पुष्कळ जण भांडतात: नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा त्यांच्याच ‘सैराट’पेक्षा श्रेष्ठ आहे. ‘सैराट’ची शेवटची नि:शब्द मिनिटे कुणीही विसरणार नाही, हे मान्य. परंतु ‘फँड्री’त डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबाच्या ते हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते, या एका दृश्यात जे आहे त्यासाठी गाणी लागत नाहीत.

दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. मी उच्च न्यायालयात कधी काम केलेले नाही, त्यामुळे माझी मते खालच्या न्यायालयाच्या बाकावरून दिसणाऱ्या जगाची आहेत. आणि दुसरी, जी मी साडूंना अद्याप सांगितलेली नाही: २०१५ च्या त्या रविवारी पहिला अर्धा तास मीसुद्धा चुळबुळत होतो, कारण सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन पुन्हा कचेरीत येऊन बसल्यासारखे वाटत होते. त्यानंतर तो चित्रपट मी तीन वेळा पाहिला आहे.

आपण वीस मिनिटांवर थांबलात, म्हणजे विधवेची साक्ष आपण पाहिलेलीच नाही. कंटाळा येत असेल तर मधला भाग सोडून थेट तिथून सुरू करा, माझी हरकत नाही. तेवढे दृश्य मात्र मोबाईल हातात न घेता पाहावे आणि न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगू लागले की साक्षीदार नुकतेच काय बोलला होता, ते आठवून ताडून पाहावे.