प्रकरण संस्थेतल्या संस्थेत मिटवता येतं का?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातल्या एका खासगी अनुदानित शाळेत शिक्षणसेविका आहे, म्हणजे अजून कायम झालेले नाही. सातवीतल्या एका मुलीने मला रडत सांगितलं, की शाळेतला लिपिक दाखल्याच्या निमित्ताने तिला ऑफिसात बोलावतो आणि नको तिथे हात लावतो. ‘माले शाळामा जावानं नही,’ हेच ती सारखं म्हणते. मुख्याध्यापक म्हणतात, सखी सावित्री समितीची (मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीची) बैठक होऊ द्या, मग लिपिकाची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत करू. वडीलही नको म्हणतात, पोरीचं लग्न जमायचं नाही म्हणून. मी एकटीने पोलिसांत जाऊ का? माझी नोकरी राहील का?

उत्तर : ताई, जा. तो आता तुमच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. त्यासाठी वडिलांची संमती किंवा मुख्याध्यापकांची सही लागत नाही. गप्प राहिलात तर कलम 21 खाली तुम्हालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत. हे मुख्याध्यापकांच्या कानावर जरूर घाला, शक्यतो लेखी.

सखी सावित्री समिती 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने आली. चांगली गोष्ट आहे. पण तिची बैठक म्हणजे पोलीस तपास नव्हे. आणि बदली? त्याने फक्त दुसऱ्या गावच्या पोरी त्याच्या हाती लागतील.

गुन्हा किरकोळ नाही. शाळेतल्याच कर्मचाऱ्याने विद्यार्थिनीला लैंगिक हेतूने हात लावला, तर कलम 9 आणि 10 खाली किमान पाच, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा. ‘कपड्यांवरूनच तर लावला’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच निकालात काढला आहे. उद्या वडिलांकडून स्टॅम्पपेपरवर ‘गैरसमज झाला’ असं लिहून घेतलं जाईल; आपल्याकडे त्याची सवयच आहे. राजस्थानात एका शिक्षकाच्या प्रकरणात नेमकं तेच झालं, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्दही केला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला : अशा गुन्ह्यात तडजोड चालत नाही.

आज घरी जाऊन एक टिपण लिहा. मुलीने कधी, कुठे, काय सांगितलं ते तिच्याच अहिराणी शब्दांत, प्रमाण मराठी न करता. तारीख घाला, सही करा. तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव चुकूनही नको. ऑफिसबाहेर सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगा, जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं.

तुमची माहिती लिहून घेऊन, तिला नोंद क्रमांक देऊन ती तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. 1098 या बाल मदतवाहिनीवर फोन करा. मुलीला ठाण्यात नेण्याची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. वडिलांना हे नीट समजावा. त्यांची खरी भीती चावडीवरच्या चर्चेची आहे, आणि मुलीची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

आता नोकरी. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम 19 मध्येच म्हटलंय. तरी संस्थाचालक त्रास देणारच नाहीत, असं मी म्हणणार नाही. शिक्षणसेवकाला ‘काम असमाधानकारक’ म्हणून काढणं सोपं असतं. म्हणून तपासणीचे चांगले शेरे, निकालाचे कागद यांच्या प्रती आत्ताच घरी आणून ठेवा. राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. काढलंच, तर आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करा. मुदत चुकवू नका, आणि आदेशाचं पाकीट कधी मिळालं ते त्यावरच लिहून ठेवा.