निवळीचं काय करणार, ते आधी सांग

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

चीजच्या धंद्याची तुझी फाइल दोनदा वाचली. मोझरेला करू की गौडा, पिझ्झावाल्यांना देऊ की पुण्यातल्या दुकानांना, या घोळात तू 26 पानं भरलीस. त्यात निवळी, म्हणजे चीज काढल्यावर मागे उरणारं पाणी, हा शब्द एकदाही नाही. गाईच्या 10 लिटर दुधाचं किलोभर चीज निघतं. उरलेले नऊ लिटर कुठं जाणार?

फ्रान्समध्ये माणशी वर्षाला 25 किलोच्या वर चीज खातात, आपल्याकडे अर्धा किलोही नाही, म्हणून ‘प्रचंड वाव’. हे वाक्य मीही बँकेच्या अर्जात लिहिलं होतं! अगं, आपला माणूस पनीर खातो. चीज म्हणजे त्याला टोस्ट सँडविचवर किसलेला क्यूब, नाहीतर पिझ्झ्याची तार. आणि त्या तारेसाठी पुष्कळ गाडीवाले वनस्पती तेलाचं अ‍ॅनालॉग, म्हणजे चीजसारखं दिसणारं नकली चीज, घेतात, स्वस्त पडतं म्हणून. तुझा भाव ऐकून ते चहा पाजतील, ऑर्डर देणार नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, याचं तुला फार कौतुक. असू दे. जीएसटी काही तुझी निवळी उचलून नेत नाही.

दुधातले जवळपास निम्मे घनपदार्थ निवळीत जातात. पैसे पुऱ्या दुधाचे मोजायचे आणि विकायचं अर्धंच? इटलीत पार्मिजानो चीजची निवळी डुकरांना घालतात, त्याच डुकरांचं पार्मा हॅम, म्हणजे खारवलेलं मांस, होतं. निवळी पुन्हा तापवून रिकोटा नावाचं मऊ चीज काढतात. नॉर्वेत तीच आटवून तपकिरी ब्रुनोस्ट चीज करतात, आपण खवा आटवतो तसं. लांब कशाला, मंचरला पराग डेअरीच्या कारखान्यात चीजही होतं आणि व्हे प्रोटीनही. जिममधली पोरं ज्या डब्याला हजारो रुपये मोजतात, ती हीच निवळी. पण ती यंत्रं कोटींची. तुझ्या 300 लिटरच्या गोठ्यावर ते स्वप्न बघू नकोस.

माझं ऐक. मी निवळी ओढ्यात सोडायचो. हिरवट-पिवळी, दिसायला निरुपद्रवी. तिसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी साय आणि आंबूस घाण वास. खालच्या मळ्यातले आबा एका सकाळी आले, विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा महिन्यांत भट्टी विझली. लोक म्हणतात माल खपला नाही. खोटं आहे. माझा मोझरेला उत्तम होता, आजही सांगतो. मागणी होती, तारही सुटत होती. मला निवळीनं बुडवलं, आणि कॉलेजात त्यावर एक तास कुणी घेतला नव्हता. आता मी काय करायला हवं होतं ते मला म्हणू नकोस, तीस वर्षं मीच म्हणतोय.

आधी 50 लिटरचंच कर. निवळी ताजी असतानाच रिकोटा काढ, थोडी कणकेत घाल, जिरं-मीठ घालून दोघाचौघांना प्यायला दे, गुरं किती पितात ते मोज. रिकोटा काढल्यावरही पाणी उरतंच, तेही लिही.

रविवारी ये. चीज आणू नकोस. निवळीचा हिशेब आण, लिटरात.

तुझा,
काका