फक्त ३१० तास उडालेलं विमान

मागच्या अंकात जुन्या लढाऊ जेट विमानांच्या देखभालीवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. माझं सगळं आयुष्य विमानांच्या एअरफ्रेम (धड-पंखांचा सांगाडा) आणि इंजिनांवर काम करण्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून जुनी जेट विमानं पुन्हा उभी करणाऱ्यांना हातभार लावतो. पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून एक जुनं जेट प्रशिक्षण विमान घ्यायचं म्हणतोय. ते १८ वर्षं हँगरमध्ये झाकून उभं आहे. शेवटच्या मोठ्या ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) फक्त ३१० तास उडालंय. विकणारे म्हणतात, जवळजवळ नवंच आहे. तपासणीला सुरुवात कुठून करावी?

तुमच्या पत्रातला ३१० हा आकडा बाजूला ठेवा आणि १८ हा आकडा लाल शाईने लिहून भिंतीवर लावा. विमानातल्या काही वस्तू उड्डाणाच्या तासांनी झिजतात आणि काही निव्वळ दिवस गेल्याने म्हातार्‍या होतात. रबर, चिकटद्रव्य, काडतुसं, पॅराशूट, अग्निशामक बाटल्या यांना विमान उडालं की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. उलट, उभं राहिलेलं विमान लवकर बिघडतं. इंधनाच्या रबरी टाक्यांचंच बघा. त्या कोरड्या राहिल्या की रबर आकसतं, घड्यांवर चिरतं, आणि पुन्हा इंधन भरल्यावर दुसऱ्याच दिवशी विमानाखाली डबकं दिसतं.

पण हात लावण्याआधी कागद वाचा. लॉगबुक, बदलांची नोंद आणि आयुर्मर्यादा असलेल्या प्रत्येक भागाचं कार्ड. कार्ड नसेल तर त्या भागाचं आयुष्य संपलंय असंच धरायचं, यात तडजोड नाही. शिवाय ते ३१० तास कसले होते तेही पाहा. सरळ जाऊन परत येण्यातले तास वेगळे आणि नवशिक्यांना कसरती शिकवण्यातले वेगळे. बऱ्याच लष्करी विमानांत एक मोजणीयंत्र असतं. विमानावर किती वेळा किती ‘जी’चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, भार पडला ते त्यात साठतं. पंख जिथे धडाला जोडलेले असतात तिथल्या बोल्टांचं आणि फिटिंगचं खरं वय त्या आकड्यांवरून कळतं. ते बोल्ट बाहेर काढून चुंबकीय कण पद्धतीने (चुंबकित करून लोखंडी भुकटी टाकली की तडा उमटतो) तपासायचे आणि भोकांच्या आतल्या बाजूला एडी करंटचा प्रोब (विजेच्या प्रवाहाने तडा हुडकणारी कांडी) फिरवायचा. रंगावरून बॅटरी मारून तडा दिसत नाही.

त्यानंतर, पण कॉकपिटमध्ये कुणीही बसण्याच्या आधी, इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

सीटच्या पाठीमागे एकात एक बसणाऱ्या नळ्यांची तोफ असते. हँडल ओढलं की मुख्य काडतूस पेटतं, नळ्या उघडत वर सरकतात आणि त्याच ज्वाळेने पुढची काडतुसं पेटत जातात. एकदम जोराचा दणका न बसता माणूस टप्प्याटप्प्याने वेग घेत बाहेर फेकला जावा, म्हणून ही रचना. या काडतुसांना दोन मुदती असतात, एक कारखान्यातून निघाल्यापासूनची आणि दुसरी सीटमध्ये बसवल्यापासूनची. दोन्हींतली जी आधी संपेल ती खरी. मुदत संपलेलं काडतूस निकामी झालं असं कुणी समजू नये. ते गरज असताना पेटणार नाही आणि गरज नसताना पेटेल, अशा दोन्ही शक्यता घेऊन ते तिथे बसलेलं असतं. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरॅमच्या हवाई प्रदर्शनात एक हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं आणि ११ जणांचा जीव गेला. त्या अपघाताचं कारण वेगळं होतं, लूपच्या (हवेत उभा गोल मारण्याच्या कसरतीच्या) माथ्यावर विमानाला पुरेशी उंची नव्हती. पण चौकशीत सीटच्या काडतुसांची मुदत उलटून गेल्याचंही निघालं, आणि मदतीला धावलेल्या लोकांना अशा सीटचा केवढा धोका असतो हा मुद्दा ठळकपणे पुढे आला.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका ठिकाणी प्रदर्शनासाठी ठेवलेलं जेट पाहायला मला बोलावलं होतं. ‘सीट निष्क्रिय केलेली आहे’ असा कागद होता, त्यावर सही-शिक्का होता. कॉकपिटला शिडी लावलेली, मुलं रांगेने आत बसून फोटो काढत होती. मी आत वाकून बघितलं. सुरक्षा पिनेची लाल फीत उन्हाने फिकट गुलाबी झाली होती आणि तिच्या टोकाची पिन भोकात नव्हतीच, फीत नुसती एका खिळ्याला अडकवलेली होती. मुलांना खाली उतरवलं, शिडी काढून घेतली आणि सीटचं प्रशिक्षण घेतलेल्या आर्मररला (शस्त्रं-स्फोटकं हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला) बोलावलं. त्याने तोफेचं वरचं झाकण उघडलं तर मुख्य काडतूस जागच्या जागी होतं. त्या दिवशी किती मुलं त्या सीटवर बसून गेली असतील, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, सीट तुम्ही स्वतः उघडू नका. माणूस त्याच जातीच्या सीटवर शिकलेला हवा. सगळ्या पिना मोजून जागेवर बसल्यात याची त्याने खात्री दिल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणाचा पायही जाता कामा नये.

चाकंही लवकर बघून घ्या. त्या काळात चाकांना मॅग्नेशियमचं मिश्रधातू वापरत. रंगाखाली फुगवटा दिसला आणि नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर धातू आतून खाल्ला जातोय. टायर काढून त्याची कड जिथे रिमवर टेकते तो भाग तपासा, तडे तिथेच जातात. टायरमध्ये हवा असताना चाकाच्या बाजूला कधी उभं राहू नका. पुढून किंवा मागून जा. रिम फुटलं तर तुकडे बाजूंना उडतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुनं जेट इंजिन न उघडता आतली अवस्था कशी ओळखतात? बोरोस्कोप (इंजिनाच्या आत घालून बघायची बारीक नळी) असला की पुरतं का?

बोरोस्कोप हवाच, पण त्याला फक्त डोळे आहेत. इंजिन कानाने आणि बोटांनीही तपासायचं असतं.

पहिल्यांदा इनटेकमधून, म्हणजे हवा आत येते त्या तोंडातून, कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) पुढची पाती बघायची. अक्षीय कॉम्प्रेसर (हवा सरळ मागे ढकलत दाबणारा) असेल तर कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवरून हलक्या हाताने फिरव. डोळ्याला न दिसलेली बारीक खाच कापसाचा तंतू धरून ठेवते. ती खाच किती खोल चालेल आणि घासून गोलाई कशी द्यायची, हे पुस्तिकेत पात्याच्या भागागणिक दिलेलं असतं. मुळाजवळ जवळपास काहीच चालत नाही, टोकाजवळ थोडी सवलत असते. व्हॅम्पायर या जुन्या जेटमधलं गॉब्लिन इंजिन किंवा मिग-१५ मधलं इंजिन हे केंद्रोत्सारी प्रकारचं, म्हणजे हवा कडेला फेकून दाबणारं. त्यातलं फिरतं चाक जाडजूड असतं, बारीकसारीक खडे सोसतं. पण सोसतं म्हणून पाहायचं नाही असं होत नाही.

टर्बाइनची (गरम वायूने फिरणाऱ्या मागच्या चाकाची) पाती तापलेल्या अवस्थेत प्रचंड वेगाने फिरतात आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने कणाकणाने लांबतात. याला क्रीप म्हणतात. पात्याचं टोक आणि बाहेरचं कडं यांच्यात किती फट उरलीय ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारी बाजूंनी मोजायचं. एका बाजूला कमी आणि समोर जास्त आली, तर पात्यांच्या आधी बेअरिंगचा संशय घे.

आता कानाचं काम. ग्राउंड रननंतर, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून पाहिल्यावर, इंधन बंद केलं की त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि रोटर (आतला फिरता भाग) पूर्ण थांबेपर्यंतची वेळ मोजायची. याला आम्ही रन-डाउन म्हणतो. निरोगी इंजिन शेवटी शेवटी इतकं हळू फिरतं की थांबलं कधी ते कळतही नाही, पात्यांच्या मुळांची नुसती किणकिण ऐकू येते. एका इंजिनाच्या वेळा मी प्रत्येक रननंतर वहीत लिहीत होतो. पहिल्यांदा ९२ सेकंद, मग ९०, मग ८१, आणि चौथ्या वेळी ७१. तापमान, दाब, कंप, काट्यांवर सगळं ठीक. बरोबरचे लोक म्हणाले, वारा असेल. मी तेलाचा चुंबकी प्लग (तेलातले लोखंडी कण धरून ठेवणारं बूच) काढला. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असतो तो नेहमीच्या झिजेचा, तो चालतो. पण त्या दिवशी लेपात चकाकणारे चपटे कण होते आणि अंगठा-तर्जनीत चोळल्यावर टोचत होते. इंजिन उतरवलं. मागच्या बेअरिंगचा पृष्ठभाग सोलवटायला लागला होता. सगळ्या काट्यांच्या आधी एका वहीने सांगितलं. तू आतापासून अशी वही ठेव, आणि प्रत्येक नोंदीसमोर वाऱ्याची दिशाही लिही, म्हणजे ‘वारा असेल’ या म्हणण्याला उत्तर राहतं.

सुरू करण्याचा एक प्रयत्न फसला, तर लगेच दुसरा करू नकोस. न जळलेलं केरोसीन आत साचलेलं असतं, ते पूर्ण निथळू दे. नाहीतर पुढच्या वेळी ते एकदम पेटतं, शेपटीतून लांब ज्वाळ निघते आणि टर्बाइन भाजून निघतं.

प्रश्न : हायड्रॉलिक टाकीतलं लाल तेल कमी झालंय. प्रवासी विमानांसाठीचं जांभळं तेल मिळतंय. तात्पुरतं घातलं तर चालेल का?

अजिबात नाही, एक थेंबही नाही. लाल तेल खनिज, जांभळं फॉस्फेट एस्टरचं. लाल तेलासाठी बनवलेले रबरी सील जांभळ्या तेलात फुगतात, लिबलिबीत होतात आणि सगळी यंत्रणा उघडून सील बदलावे लागतात. टाकीवरची पट्टी वाचा, तिच्यावर लिहिलेलंच तेल घाला. आणि तेल कमी का झालं ते आधी शोधा. विमान जॅकवर घेऊन, बाहेरून दाब देऊन चाकं सलग काही वेळा आत-बाहेर करा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरा.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. जेट विमान लाकडाचं होतं असं माझा भाऊ म्हणतो. हे खरं आहे का? मग ते जळत कसं नाही?

तुझा भाऊ बरोबर सांगतोय. डी हॅविलँड व्हॅम्पायर हे विमान सप्टेंबर १९४३ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्यात वैमानिक बसतो तो अंड्यासारखा भाग लाकडाचा आहे. बाहेर-आत प्लायवूडचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड. याच कंपनीने आधी मॉस्किटो हे लाकडी विमान बनवलं होतं, त्यामुळे कारागिरांचा हात त्यात बसलेला होता. पंख आणि शेपटीपर्यंत जाणारे दोन दांडे मात्र धातूचे. इंजिनाची गरम हवा त्या दोन दांड्यांच्या मधून सरळ मागे निघून जाते. त्यामुळे तिच्यासाठी लांब नळीही लागत नाही, आणि लांब नळीत वाया जाणारा जोर वाचतो.

असं विमान तपासताना त्याच्या लाकडाला आगीपेक्षा पाण्याची जास्त भीती असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की मधलं बाल्सा भिजतं, कुजतं, आणि बाहेरून रंग मात्र छान चमकत असतो. म्हणून आम्ही नाण्याने टकटक करत पूर्ण अंगावर फिरतो. चांगल्या जागी ‘टक’ असा कोरडा, टणक आवाज येतो. थर सुटलेल्या जागी आवाज बसका येतो, ढब्ब. तिथे खडूने गोल करायचा आणि कुठपर्यंत पसरलंय ते शोधत जायचं. घरात प्लायवूडचं जुनं कपाट असेल तर खालच्या कोपऱ्यात टकटक करून बघ, फरक तुझ्या कानाला लगेच कळेल. आणि नाण्याने रंग उडणार नाही एवढ्या हलक्या हाताने कर!

प्रश्न : माझ्याकडे जुन्या लढाऊ विमानातलं उंचीमापक आहे. आकडे पूर्वी अंधारात चमकायचे म्हणतात, आता चमकत नाहीत. काच काढून आकडे स्वच्छ केले तर चमक परत येईल का?

कृपा करून काच काढू नका. पूर्वी अशा तबकड्यांच्या रंगात रेडियम मिसळत. त्याच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमकायचं. काही वर्षांत ते झिंक सल्फाइड थकून जातं आणि चमक विझते. रेडियम थकत नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, त्यामुळे तुमच्या उंचीमापकातलं जवळपास सगळं रेडियम अजून तसंच आहे. तो जुना रंग ठिसूळ होऊन सुटतो आणि काच उघडली की त्याची धूळ श्वासातून, बोटांवरून पोटात जाते. खरा धोका तोच.

काच शाबूत असेल तर उंचीमापक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि माणसं बसतात-झोपतात त्या खोलीत ठेवू नका. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, म्हणून हवा खेळती असलेली जागा निवडा. वर ठळक चिठ्ठी लावा, म्हणजे उद्या घरातलं दुसरं कुणी उघडणार नाही. काचेला तडा गेला असेल तर झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकंही त्याच पिशवीत घाला आणि हात साबणाने धुवा. मग तुमच्याकडच्या किरणोत्सार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कळवा. कचऱ्यात टाकू नका, भंगारातही देऊ नका.