‘त्याचं खरंच प्रेम असेल ना?’

हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात इतक्या वेळा ऐकलाय की माणूस खुर्चीत नीट टेकण्याआधीच तो येणार हे कळतं. बायका विचारतात, पुरुषही विचारतात.

ती २९ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मोबाईल मांडीवर उताणा ठेवूनच बसायची. स्क्रीन उजळली की वाक्य अर्धवट राहायचं. त्याचं उत्तर यायला उशीर झाला की ‘रागावलास का?’ असे पाच-सहा मेसेज. तो ‘नाही गं’ म्हणाला की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तीच धाकधूक.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “अलीकडे तो तुमच्याबद्दल चांगलं काय म्हणाला?”

“म्हणाला, तुझ्याशी बोललं की डोकं शांत होतं. पण तो स्वभावानेच चांगला आहे हो, मॅडम.”

“हे तुम्ही त्याचं कौतुक केलंत. तो तर तुमचं करत होता.”

ती गप्प झाली. मीही गप्प राहिले. अशा वेळी घाई करायची नाही, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्याचे वडील आजारी होते तेव्हा तो रात्र-रात्र बोलायचा. मी मध्ये न बोलता ऐकायचे.” मग हळूच, “मला ऐकता येतं.”

त्या दिवशी मला लख्ख दिसलं की प्रेम तिच्यापर्यंत पोहोचत होतं, पण स्वतःची किंमतच वाटत नसल्याने ती ते दारातूनच परत पाठवत होती. लहानपणीच्या जिव्हाळ्याच्या बंधांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांना मी मानणारी. लहानपणी आधार बेभरवशाचा असला की मोठेपणीही माणूस नात्यात चाहूल घेत राहतो, हे मी रोज पाहते. पण म्हणून ते बदलत नाही असं मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ डेनिस मॅरिगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवलं की स्वतःला कमी लेखणाऱ्यांना जोडीदाराने केलेलं कौतुक नुसतं आठवून फारसा दिलासा मिळत नाही. ते त्याने का केलं, नात्यासाठी त्याचा अर्थ काय, हे लिहिलं की नातं सुरक्षित वाटू लागतं. मी तिला तेच लिहायला दिलं, रोज दोन ओळी.

मात्र जोडीदार खोटं बोलत असेल, सतत पाणउतारा करत असेल, तर वही बाजूला ठेवा. तिथे तुमची भीती बरोबर आहे.

तिला अजूनही उशीर झाला की धस्स होतं. पण आता ती एकदाच विचारते, आणि मोबाईल पर्समध्ये असतो.